दोन डाव्या बाजूंचा शर्ट

॥ श्री ॥

आकुर्डी गावठाण,
मंगळवार, सकाळचे साडेदहा

प्रिय ज्योतीराम,

खडडड खट्, खडडड खट्! आज उठल्यापासून कानात तुझ्या वडिलांचं पायमशीन चालू आहे, म्हणून पहिला नमस्कार त्यांच्या आठवणीला, दुसरा तुला आणि तिसरा तुझ्या गुडघ्यांना (त्या दिवशी हॉलचा जिना चढताना ते तुझ्या आधी बोलत होते). कस्तुरावहिनी नाशिकहून, लेकीकडून, परत आल्या का? आल्या असल्या तर त्यांनाही सांग. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. बीपी होतं तिथंच आहे, मेट्रोच्या कामाची धूळ खिडकीतून नेमानं येते, आणि सावित्री शुक्रवारी चाकणला भावाकडे, जयसिंगकडे, गेली आहे ती येत्या गुरुवारी संध्याकाळी येईल. हा गुरुवार लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर ते मशीन. आपली शाळा, शाळेची ती गज वाकलेली खिडकी, खिडकीखाली चिंच आणि चिंचेखाली तुझ्या वडिलांची शिवणाची टपरी. वर गुरुजी कविता म्हणायला लावायचे आणि खाली मशीन चालायचं. आठ अक्षरं झाली की खट्, पुन्हा आठ झाली की खट्. खरं सांगतो, वृत्त मला गुरुजींनी शिकवलं नाही, तुझ्या वडिलांच्या पायानं शिकवलं. ते कापड फिरवायला थांबले की अख्खा वर्ग कडव्याच्या मधोमध थांबायचा आणि गुरुजींना वाटायचं की पोरं अर्थाचा विचार करतायत. अजूनही मी कविता म्हणतो तेव्हा उजवा पाय आपोआप हलतो. डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली आहे, पण तो आजार नाही हे त्यांना कोण सांगणार?

याच ओघात सहावीतली पाठांतर स्पर्धा आठवली. तू तिसऱ्या कडव्यात अडकलास, कौलांकडे बघितलंस, नाक पुसलंस आणि चौथ्यावर उडी मारलीस. मी एक मात्रा चुकलो नाही. पहिला नंबर तुझा आला! गुरुजी म्हणाले, "ज्योतीरामाचं सादरीकरण उजवं." सादरीकरण म्हणजे काय, तर तुझा कोरा पांढरा शर्ट आणि त्याची बकरम घातलेली ताठ कॉलर. माझ्या अंगात थोरल्या भावाचा शर्ट, कोपरावर ठिगळ (तेही तुझ्याच वडिलांनी लावलेलं, आणि तेव्हा 'शोभतंय' म्हणाले होते). बक्षीस कंपासपेटी. असो. साठ वर्षं झाली या गोष्टीला, मी ती केव्हाच विसरलो. पेटीवर हत्ती होता, हत्तीची सोंड वर होती आणि झाकण उघडताना 'टिच्' असं वाजायचं.

पंधरा दिवसांपूर्वीचं आपलं जुन्या वर्गाचं संमेलन मात्र ताजं आहे. मी दुसऱ्या कडव्यावर होतो. अठ्ठावीस म्हातारे-म्हाताऱ्या डोळे मिटून ऐकत होते (दोघे झोपले होते, ते धरून). आणि तू उशिरा, एकटाच, दारातून आलास. हिरवागार शर्ट, त्यावर पानं, गळा उघडा, कॉलर कशी खांद्यावर निवांत आडवी पडलेली, उन्हात मांजर पडावी तशी. सगळ्या माना तिकडे! झोपलेले दोघेही उठले. "ज्योत्या, कुठून घेतलास रे?" तर तू काय म्हणालास, "घेतला न्हाई राव, शिवला. ह्याला कॅम्प कॉलर म्हणत्यात. रिकामाच होतो, वडलांचं मशीन पुसलं आन् बसलो." कापड कुठलं विचारलं तर नुसता हसलास, "घरचंच हाय." आणि बाह्यांच्या कडेनं ती बारीक सोनेरी रेघ! कुठल्या परदेशी फॅशनची होती देव जाणे. माझं तिसरं कडवं कुणीच ऐकलं नाही. तू ते पुन्हा एकदा गाळलंस असं म्हण ना.

तेवढ्यावर मी थांबलो असतो. पण सावित्री उठून तुझ्याजवळ आली, तुझ्या कॉलरला हात लावला आणि म्हणाली, "काय सुरेख बसलीय हो भावजी!" ज्योतीराम, एकोणपन्नास वर्षांच्या संसारात माझ्या कॉलरला तिचा हात लागला तो फक्त मळ बघायला. परतीच्या रिक्षात मी विचारलं, "मी शिवला तर?" ती म्हणाली, "तुम्ही आधी तुमचं पडलेलं बटण लावा." रिक्षावाला विक्की आमच्याच खालच्या मजल्यावर राहतो. तो आरशात हसला. त्याच क्षणी मी ठरवलं की गुरुवारी सावित्री चाकणहून येऊन दारात उभी राहील तेव्हा मी आतून दार उघडीन, अंगात स्वतः शिवलेला तसलाच शर्ट असेल, आणि तिचा हात आपोआप कॉलरकडे जाईल. यात तुझ्याशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. फक्त माझा जरा जास्त चांगला व्हावा, इतकंच.

मी मागताक्षणी तू शर्टाचा पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी नमुना, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास. (इतका मोठेपणा दाखवायची काही गरज नव्हती. दोन दिवस ताटकळत ठेवलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.) मी तो घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तिथं इंजिनीअरिंगच्या पोरापोरींची रांग, प्रत्येकाच्या हातात प्रोजेक्ट रिपोर्ट. माझे छत्तीस कागद निघायला लागले तशी मागची एक मुलगी अदबीनं म्हणाली, "आजोबा, फायनल इयर का?" मी हो म्हणालो. पहिल्या कागदावर एक चौकोन छापलेला असतो, बरोबर दहा सेंटीमीटरचा, माप तपासायला. मी खिशातून व्हर्नियर काढला (तुला माहीत आहे, निवृत्तीला बारा-तेरा वर्षं झाली तरी तो खिशात असतो, तू पेन ठेवतोस तसा). नऊ पॉइंट सहा! मी अख्खा लॉट रिजेक्ट केला. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, चार मिलिमीटरनं काय व्हतंय राव, शर्ट तर हाय." मी म्हणालो, "चार मिलिमीटरनं गाडीचं दार लागत नाही." रांगेतल्या मेकॅनिकलच्या पोरांनी माना डोलावल्या. त्यांनी माझ्यासाठी परत सगळं छापून घेतलं. एका दिवसात मला एवढा मान कवितेनं कधी दिला नव्हता.

आता इथून पुढे नीट वाच, कारण इथं चूक झाली आणि ती माझी नाही, ती माझ्या अचूकपणाची आहे. कागद वाऱ्यानं हलतो, म्हणून मी प्रत्येक भागाचं पत्र्याचं टेम्प्लेट केलं. कडा कानशीनं घासल्या, बोट फिरवून बघितलं, नंबर ठोकले. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, कॉलर. सूचनांत लिहिलं होतं की कापडाची दुहेरी घडी घालून पुढचा भाग एकदम कापा. एकतीस वर्षं प्रेसशॉपच्या इन्स्पेक्शनला काढलेला माणूस असलं काही मान्य करेल का? खालचा थर सरकतो, दोन्ही पीस सारखे येत नाहीत. म्हणून मी कापड एकेरी, सुलटं पसरलं, टेम्प्लेट ठेवलं, कापलं. परत ठेवलं, परत कापलं. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून उजेडात धरले. केसाचा फरक नाही! डोळ्यांत पाणी आलं रे. मी स्वतःशीच 'ओके' म्हणालो आणि कोपऱ्यात खडूनं सही केली.

चहा प्यायलो. परत आलो. आणि मग लक्षात आलं की माणसाला एक डावी बाजू असते आणि एक उजवी. माझ्याकडे दोन डाव्या होत्या.

ज्योतीराम, एकतीस वर्षं मी बिजागरीच्या पट्ट्या डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या केल्या. डाव्या पिवळ्या ट्रेमध्ये, उजव्या निळ्या. एकदाही मिसळ झाली नाही. कंपनीत तू स्टोअरला होतास, तिथून यायचे ते ट्रे मात्र... जाऊ दे. मी एक तुकडा उलटा करून बघितला. कापड छापील आहे, पिवळ्यावर छोटी पाखरं, पण छाप एकाच बाजूनं. मागून पाखरं फिकट, आजारी, आत्ताच सलाइन काढल्यासारखी. तरीही धीर धरून मी जोडलं. सुनेचं, स्वरूपाचं, विजेचं छोटं मशीन ताथवड्याहून मागवून घेतलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, पायाखालचं बटण हळू दाबा हं." पण त्या मशीनला आठ अक्षरांवर थांबणं ठाऊकच नाही. ते 'झिंऽऽ' करून सुटतं ते भिंतीशीच थांबतं. त्याच्या तालावर मला एक ओळ आठवेना. कॉलरमध्ये मी बकरम घातला, दुहेरी. (तुझ्या वडिलांनी तुझ्या कॉलरला घातला होता ना? मग माझ्या का नाही?) ती आता कुठल्याही परिस्थितीत आडवी पडत नाही. मी अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो तर दोन्ही कानांना टेकते. डावीकडे सकाळ, उजवीकडे दिवेलागण, आणि वर पत्र्याची शेड. त्याही अवस्थेत मला दोन ओळी सुचल्या:

पिवळ्या शेतावरती माझ्या पाखरांची दाटी,
एकच बाजू उजाडलेली, दुसरी रात्रीसाठी!

गुरुजी असते तर शाबास म्हणाले असते. आणि मग नंबर तुला दिला असता.

बाकी विशेष काही नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच "बरं बरं" म्हणतोस आणि ते मला सोसत नाही. पत्र विक्कीजवळ देतोय, त्याची सांगवीला साडेअकराची एक फेरी असते. तब्येतीला जप, जिना हळू चढ, शर्ट सारखा सारखा घालू नकोस, रंग जातो.

तुझा बेंचवरचा,
दादासाहेब

ता. क. १. वर मी 'कापड' 'कापड' असं म्हटलं आहे. ती साडी होती, सावित्रीची. तू 'घरचंच' म्हणालास म्हणून मीही घरचंच शोधलं. कपाटात सगळ्यात खाली, मलमलीत गुंडाळलेली. एकोणऐंशी साली कंपनीच्या कौटुंबिक मेळाव्यात मी पहिल्यांदा स्टेजवरून कविता म्हटली तेव्हा ती हीच नेसून पहिल्या रांगेत बसली होती, आणि कविता संपली हे न कळून सगळे गप्प असताना तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं, ती टाळी अंगावर घालावी. चाकणला जाताना सावित्री एवढंच म्हणाली होती, "कपाटाला हात लावू नका." आता कळतं, का ते.

ता. क. २. मुद्द्याचं आता लिहितो. पदर अजून शाबूत आहे. त्यात एक उजवी बाजू आणि एक आडवी पडणारी कॉलर नक्की बसेल, मी व्हर्नियर लावून बघितलं. तू गुरुवारच्या आत ये. वडिलांचं मशीन घेऊन ये, त्या 'झिंऽऽ'वर माझा विश्वास नाही. शिवताना मी कविता म्हणीन, तू पाय चालव. सावित्रीनं कॉलरला हात लावला तर मी तिला सांगीन की उजवी बाजू तुझी आहे. (डावी माझी. दोन्ही.)

ता. क. ३. आणि हो, मी जळतो तुझ्यावर. संमेलनापासून नाही, कंपासपेटीपासून. लिहून टाकलं, बरं वाटलं. पण सावित्रीच्या समोर हे बोललास तर मी नाकबूल करीन.

ता. क. ४. पाकीट चिकटवत होतो तर दार वाजलं. विक्की असेल म्हणून भोकातून बघितलं. विक्की नाही, तू आहेस! अंगात तो हिरवा शर्ट नाही. बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि दोन्ही हातांत लेकरासारखं उचलून धरलेलं वडिलांच्या मशीनचं डोकं. मी अजून कडी काढलेली नाही, कारण आधी हे लिहून घेतोय. तू बाहेरून हाका मारतोयस, "दादा, उघड की रं! कस्तुरा आली सकाळच्या गाडीनं. आल्या आल्या कपाट उघडलं. हिरवी साडी कुठाय म्हनती. शर्ट अंगावरनं काढून घेतला आन् म्हनली, हे मशीन घ्या आन् निघा!"

म्हणजे ती सोनेरी रेघ काठाची होती!

थांब, आलो, कडी काढतो. पण उठता उठता एवढं लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. मी गुरुवारी घराबाहेर पडणार होतो. तू मंगळवारीच पडलास. इथंही पहिला नंबर तुझाच.