पुलापलीकडचं डबल-डबल

३ मार्च, रविवार
आजही कॉफी गार झाली! सीमेच्या पुलावर रांग, वर अमेरिकन शिपायाचे प्रश्न — 'कपात काय आहे, आजोबा?' डबल-डबल, म्हटलं. दोन क्रीम, दोन साखर. आमच्या कॅनडाच्या दुकानातली! हसला बिचारा.
लेकीच्या, लोर्नाच्या घरी ईनिड खिडकीशी. ओळखलं की नाही, कळेना. बायकोच ती, पण पाहुण्यासारखी बघते. तिने एक घोट घेतला, आणि — 'विल्बर! किती रे उशीर!' बस्स. तेवढ्यासाठी नदी ओलांडायची. आताशा तिला उचलणं मला झेपत नाही. लेक नर्स, म्हणून तिच्याकडे ठेवली.

५ मार्च
पेपरात बातमी — आपलं दुकान सीमेपलीकडेही शाखा काढतंय! अमेरिकेतल्या बफेलोत, तेही लोर्नाच्या गल्लीच्या तोंडाशी. ईनिडला वाफाळती कॉफी! शाळेत नदीच्या कविता घोकल्या, प्रत्येकीत नदी माणसं जोडायची. संध्याकाळी सगळ्या मोठ्याने म्हटल्या. भिंतींनी ऐकल्या.

१४ एप्रिल, रविवार
नवं दुकान! तेच डोनट, तोच वास. 'डबल-डबल दे,' म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलीने दोन कप ठेवले! 'दोनदा म्हणालात ना, काका?' ग्लेन — आमचा जावई — पोट धरून हसला. मग त्यानेच तिला नीट शिकवलं. ईनिडने गरम घोट घेतला. 'विल्बर, जीभ भाजली रे!' मला काय आनंद झाला!

१६ एप्रिल
लोर्नाचा फोन. 'बाबा, आता पुलावर गाडी घालू नका. डोळे बघा तुमचे! ग्लेन आणतो की आईला कॉफी, रोज.' मी म्हटलं, 'अगं, पण —' एवढ्या कविता पाठ, आणि ऐनवेळी 'अगं, पण'! तिचं तरी चुकतंय कुठे?

२८ एप्रिल
नाही गेलो. घरीच क्रीम-साखर घालून बघितली. ती चव नाही.

१९ मे, रविवार
राहवेना. शेजारच्या मर्विनला गाडी काढायला लावली. 'प्रेयसीकडे निघाल्यासारखा नटलायस की, म्हाताऱ्या!' म्हणाला. हाती काही नेलं नाही; तिथे मिळतं सगळं.
ईनिडने वर बघितलं. 'बसा ना. लांबून आलेले दिसता तुम्ही. विल्बर येईलच माझा, कॉफी घेऊन.'
दार उघडलं. ग्लेन कप घेऊन आला. तिचा चेहरा असा उजळला!
मी उठून त्याला खुर्ची दिली.