रिकाम्या जागेतला पाय

प्रिय बुटके,

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे, डबा तसाच पडलाय. फोन केला असता, पण तू "दादा कसा आहे?" विचारतेस आणि मी "बरा आहे" म्हणून मोकळी होते. तुझ्या भावाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले खरी, पण त्याआधी दहा वर्षं आपण एका बाकावर बसलोय. आज त्या बाकावरच्या हक्काने लिहितेय.

तो बरा नाहीये गं. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. त्याचा गॅरेजवाला मित्र तेव्हा म्हणाला, "म्हणजे वायरिंगचं कव्हर गेलंय, इंजिन ठणठणीत आहे!" आणि आपण सगळे हसलो. घरात ते कसं असतं, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, कारण त्याच्या बोटांना बटण कळत नाही. आंघोळीचं पाणी कोमटच लागतं. गरम झालं तर अंगातलं बळ जातं आणि तो स्टुलावरच बसून राहतो. एक दिवसाआड इंजेक्शन, कधी मांडीत, कधी दंडात; कुठल्या जागेची पाळी ते मी कॅलेंडरवर लिहिते. मग धावतपळत दुकान. संध्याकाळी त्याचे व्यायाम, मग चादरी धुणं. चादरींबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. आणि हे सगळं असूनही तो रोज शाळेची व्हॅन चालवत होता. अकरा मुलं, बुटके.

दोन महिन्यांपूर्वी एकदा म्हणाला, "उजवा पाय कधीकधी माझा नसतोच. बुटात आहे का, ते वाकून बघावं लागतं." मी विचारलं, "मग गाडी?" तर म्हणाला, "गाडीत बसलो की येतो जाग्यावर." मी विश्वास ठेवला. खरं सांगू? ठेवला नाही, ठेवायचं ठरवलं. गाडी सुटली तर त्याच्याजवळ उरतं काय, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

गेल्या मंगळवारी मला सुट्टी होती, म्हणून त्याच्या शेजारी बसून गेले. शाळेच्या फाटकाशी त्याने पाय दाबला आणि गाडी थांबलीच नाही. वेग फार नव्हता. मी खाली पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हताच. बाजूच्या रिकाम्या जागेत तो दाबत होता, होता नव्हता तेवढा जोर लावून. आणि चेहऱ्यावर पक्की खात्री, की आपण ब्रेक दाबतोय. त्याने हँडब्रेक ओढेपर्यंत चाक फुटपाथवर चढलं, एक कुंडी फुटली, मग गाडी थांबली. तिथून चार पावलांवर पहिलीतली एक मुलगी बुटाची नाडी बांधत बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मागच्या मुलांना वाटलं गंमतच झाली. टाळ्या पिटत ओरडायला लागली, "काका, परत! परत करा ना!" आणि तो हसून म्हणाला, "उद्या."

घरी येऊन म्हणाला, "ब्रेक बघून घ्यायला हवेत." गॅरेजवाल्याने बघितले, कसलाच बिघाड नव्हता. बुधवारी त्याने पुन्हा व्हॅन काढली. मी इथे काचा घासत होते, पण लक्ष सगळं फोनकडे; दोन काचांचे टवके उडाले.

गुरुवारी शाळेने बोलावून त्याची गाडी बंद केली. कुणीतरी मुख्याध्यापिकाबाईंना आजाराचं, पायाचं, सगळं सांगितलं होतं. त्याला वाटलं, गॅरेजवाल्यानेच. ब्रेक ठीक होते हे दुसऱ्या कुणाला ठाऊक? तडक त्याच्या दारात गेला, काठी टेकत, मी मागे. "वीस वर्षांची दोस्ती, आणि पाठीत खंजीर?" म्हणाला, आणि तोंडाला येईल ते बोलला. तो बिचारा फडक्याला हात पुसत उभा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मान खाली घातली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

बुटके, फोन मी केला होता. बुधवारी दुपारी, याच खोलीतून, दार लावून. माझं नाव सांगू नका, म्हणून बाईंना विनवलंही मीच. आता शाळा सुटायच्या वेळी तो खिडकीशी जाऊन बसतो आणि मला म्हणतो, "तू आहेस म्हणून." आजाराची वाटत नाही एवढी भीती मला त्या वाक्याची वाटते. आज घरी गेले की त्याला सांगणार आहे. त्याने माझा हात झटकला, तर त्याला खुर्चीतून उठवणार कोण, हाच विचार सकाळपासून डोक्यात आहे. हे पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तुला मिळेल तेव्हा सांगून झालेलं असेल. तो तुला फोन करेल, मला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. माझी बाजू घेऊ नकोस. जमलं तर दोन दिवस येऊन जा. त्या वेळी त्याला आपलं म्हणायला कुणीतरी लागेल, आणि ते मी नसेन.

तुझीच,
उंटीण