मुक्कामाची वर्दी

प्रिय भोवऱ्या,

नाही, तुझ्याबद्दल पोलिसांना तिने नाही सांगितलं. पुन्हा विचारू नकोस. कोठडीतून पाठवलेल्या तुझ्या चिठ्ठीत तब्येतीची एक ओळ आणि बाकी सगळी तिच्यावरच्या संशयाने भरलेली. लॉन्ड्रीत तुझ्या शेजारी उभी राहून चादरींना इस्त्री करणारी पोरगी ती, आपल्यासारखीच बिनकागदाची. सायरन ऐकला की टेबलाखाली शिरायची, तूच सांगून हसायचास. ती कशाला चौकीची पायरी चढेल? आणि तू तिला तोंड दाखवू नकोस म्हणून कळवलंस. रोज माझ्याकडे येऊन रडते, वर मलाच चहा करून पाजते. साखर टाकत नाही, तेवढी एक खोट. बाकी सून म्हणून मला चालेल.

मला म्हातारी म्हणून सोडलंय, पण दर सोमवारी कचेरीत हजेरी. बाकावर बसून कंबरेचा भुगा होतो, आणि खिडकीतला साहेब दर वेळी तेच विचारतो, तुमच्या देशात परत कुठल्या गावाला पाठवू? पालात जन्मलेली बाई मी, आज या माळावर तर उद्या त्या. म्हटलं, तुम्हीच एखादं बरंसं बघून द्या, पाणी जवळ असलेलं. मेला हसलासुद्धा नाही.

हजेरीवरून तुझे बाबा आठवतात. नव्या गावात पाल ठोकायच्या आधी चौकीत वर्दी द्यायचे, माणसं इतकी, गाढवं इतकी, ओढ्याकाठी उतरलोय. मी चिडवायचे, गाढवांत स्वतःला धरलंत ना? एकदा वर्दी द्यायला उशीर झाला, आणि तेवढ्यात गावात कुणाची शेळी चोरीला गेली. चौकीत त्यांना असं मारलं की उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. तू रांगत होतास. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की मला आधी वर्दी आठवते.

तुला नेलं त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची सायकल चोरीला गेली होती. माणसं जिन्यात जमली आणि आपल्या तळघराच्या दाराकडे बघून कुजबुजायला लागली. तू कामावर. मला दुसरं काही सुचेना.

त्या पोरीची माफी माग. चौकीत मी गेले होते. आम्ही मायलेक तळघरात उतरलोय, आम्ही चोर नाही, असं सांगून आले. तुमचा मुलगा कधी भेटेल असं त्यांनी विचारलं, तर संध्याकाळी घरीच असतो, हेही मीच सांगितलं.

तुझीच,
तोंडाळ आई