बीडहून आणलेली सुई

३ एप्रिल २०१६, रविवार
सुट्टी. सकाळी टँकर आला नाही. अण्णा दोन घागरी घेऊन शाळेच्या हापशावर गेले, एकच भरून आणली. दुपारभर औषधशास्त्र. रक्तदाबाच्या गोळ्यांचे गट वाचले, पुस्तक मिटलं, एकही आठवला नाही. परत वाचले. परत तेच. आई मधूनमधून दारात येऊन बघून जाते.
दवाखान्याचा पेपर १६ तारखेला. हा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. फेब्रुवारीत नापास झाले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला, रंजूला, जाऊन महिनाही झाला नव्हता, म्हणून कुणी काही म्हणालं नाही. आता म्हणतील.

५ एप्रिल, मंगळवार
दवाखान्यात दिवसभर चादरी आणि टेंपरेचर. पेपर पास होईपर्यंत इंजेक्शनचा ट्रे एकटीनं घ्यायचा नाही असा नियम. शेख सिस्टर पुढे, मी मागे ट्रे धरून. नर्सिंगची तीन वर्षं करून मी ट्रे धरते. एका म्हातारीनं शेख सिस्टरना विचारलं, ही पोरगी मुकी हाय का.
जाताना शेख सिस्टर म्हणाल्या, "नीट वाच. एका संचालकाच्या भाचीचा अर्ज येऊन पडलाय. तू पडलीस की ती बसली."
कारखान्याचा दवाखाना, त्यामुळे सभासदांच्या मुलींना आधी बोलावतात. मलाही तसंच बोलावलं. यंदा आमचा ऊस उभ्यानं वाळला, कारखान्याचं धुराडं तर कधीच थंड झालं. सभासद म्हणून नाव तेवढं राहिलंय.

८ एप्रिल, शुक्रवार
पाडवा. आमच्याकडे गुढी नाही. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेरी इतकं धरत नाहीत, उभारा गुढी. आईनं मान हलवली आणि कडुलिंबाचा डहाळा तसाच कोपऱ्यात ठेवला.
दुपारी रंजूच्या सासरहून एक माणूस फोटो देऊन गेला. मोठा, फ्रेम केलेला. खाली सोनेरी अक्षरात कै. सौ. पल्लवी. आईला जेमतेम वाचता येतं. बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "फोटो आपल्या रंजूचा हाय. नाव कुणाचं टाकलंय?"
लग्नात बदललेलं नाव, तांदळात लिहिलं होतं, तू तिथंच होतीस, असं मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं असं नाही. फोटो अजून भिंतीला टेकवून खाली ठेवलाय. खिळा कुणी ठोकत नाही.
अभ्यास झाला नाही.

१२ एप्रिल, मंगळवार
केजला जाऊन जुन्या पेपरांच्या झेरॉक्स आणल्या. येताना जीपमध्ये चौदा माणसं, झेरॉक्स चुरगळल्या.
चिडचिड होते ती याची. वॉर्डात सगळे कंपनीच्या नावानं औषध मागतात, पेपरात मूळ नाव विचारतात. आम्ही मराठीत शिकलो, प्रश्न इंग्रजीत. आणि हिशोबाचं गणित. दोन मिलिलिटरमध्ये ऐंशी मिलिग्रॅम, द्यायचे साठ, तर किती मिलिलिटर. दीड. घरी येतं. तिथं घड्याळ दिसलं की येत नाही.
आज एका बाळंतिणीनं मला "ताई, जरा उशी" अशी हाक मारली, रंजू मारायची तशी. उशी दिली. मग औषधांच्या खोलीत जाऊन उगीच बाटल्या सारख्या केल्या.

१६ एप्रिल, शनिवार
पेपर झाला. कारखान्याच्या मीटिंगच्या हॉलमध्ये, आम्ही चौघीजणी. भिंतीवर आजवरच्या सगळ्या चेअरमनचे फोटो. लाईट गेली, खिडक्या उघडल्या तर धूळ आली, कागदावर घामाचे हात.
पहिलाच प्रश्न औषध देण्यापूर्वीच्या तपासणीचा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पानभर लिहिलं. गणितात एक चुकलं बहुतेक. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा उतारा आठवला नाही, बाहेर पडल्यावर पायरीवर आठवला. प्रोटामिन. काय उपयोग.

१९ एप्रिल, मंगळवार
पास. काठावर. मोठ्या डॉक्टरांनी चौघींना समोर बसवून पेपर परत दिले. माझ्या पहिल्या उत्तराजवळ बरोबरची मोठी खूण. म्हणाले, "रुग्ण कसा ओळखायचा ते चौघींत तुझंच नीट आहे." मान खाली घातली.
घरी सांगितलं. अण्णा बरं झालं म्हणाले आणि पाण्याला गेले. आईनं साखर हातावर ठेवली.
रंजूला सांगितलं असतं तर ती... तिचा नंबर अजून फोनमध्ये आहे. आता तो तिचा दीर वापरतो, त्याचा मोटारसायकलवरचा फोटो दिसतो.

२२ एप्रिल, शुक्रवार
आज ट्रे एकटीनं घेतला.  मला मुकी म्हणालेली तीच म्हातारी, तिला सुई दिली तर म्हणाली, "हळू गं बाई, बैलाला टोचतीस का माणसाला?" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले असेन.
हात धुवायला दर फेरीला एक मग पाणी. दोन बाळंतिणींच्या नातेवाइकांची बादलीवरून भांडणं. वॉर्डात चार पंखे, चालू दोनच. ज्याची खाट पंख्याखाली नाही तो दिवसभर आमच्यावर राग काढतो.
तरी ट्रे माझा. दिवस बरा गेला असं लिहायला हरकत नाही.

२७ एप्रिल, बुधवार
जसं झालं तसं लिहून ठेवते.
चार नंबरच्या खाटेवर मनीषा, तेलगावची, परवा संध्याकाळी बाळंत झाली. तिचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. अशा बाईला अँटी-डीची सुई तीन दिवसांच्या आत द्यावी लागते, नाही तर पुढच्या बाळाला धोका. आमच्याकडे नव्हती. तिचा नवरा आज बीडहून घेऊन आला, थर्मासमध्ये बर्फ घालून, मोटारसायकलवर.
मी दुपारी केसपेपर बघितला. नाव, रक्तगट, खाट, सगळं बरोबर. औषध बरोबर. सुई भरली. चार नंबरला गेले. बाई कुशीवर झोपलेली. मी म्हणाले, "मनीषा ना?" शेजारी बसलेली तिची आई म्हणाली, "हां, मनीषाच. द्या." बाईही हो म्हणाली. दिली.
संध्याकाळी तेलगावचा तो नवरा टेबलापाशी आला आणि विचारलं, बीडची सुई कधी देणार.
खरी मनीषा दुपारी बाळाला घेऊन व्हरांड्यात सावलीला बसली होती. चार नंबरची खाट पंख्याखाली. ती रिकामी बघून सहा नंबरवाल्यांनी आपली मुलगी तिथं आणून झोपवली. त्या मुलीचं केसपेपरवर नाव ऋतुजा. ते सासरचं. माहेरी बाळंतपणाला आलेली, आई तिला माहेरच्या नावानं हाक मारते. मनीषा.
शेख सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अगं, बाईला दोन नावं असतात. हे तुला सांगाया पाहिजे का?"
मला. मलाच सांगावं लागलं.

२८ एप्रिल, गुरुवार
रात्री पाळी नसताना दवाखान्यातच राहिले. ऋतुजाचं रक्त तपासायला घेतलं. तिचा गट पॉझिटिव्ह, चुकीच्या सुईनं तिच्या रक्तपेशी फुटू शकतात. लघवी लाल होते का, डोळे पिवळे दिसतात का, बघत राहायचं. पहाटेपर्यंत काही नाही. तिला मी स्वतः सांगितलं. डॉक्टर म्हणाले मी सांगतो, पण मी सांगितलं. ती म्हणाली, "मला काय होत न्हाई सिस्टर. फुकटात बीडची सुई मिळाली म्हणायचं." तिची आई मात्र माझ्याशी बोलत नाही. खाटेखालून पिशवी काढताना खुणेनं मला पाय उचलायला लावते, तेवढंच.
दवाखान्याची जीप सकाळी दुसरी सुई आणायला बीडला. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. फोन यायचा, नाही म्हणून. खऱ्या मनीषाचे तीन दिवस संध्याकाळी संपत होते. तिचा नवरा व्हरांड्यात उभा. माझ्यावर ओरडला असता तर चाललं असतं. नुसतं एवढंच म्हणाला, "मी उनात मांडीत बर्फ धरून आणल्ती ती. कावून असं केलं, बाई?"
मी जीप दिसते का बघायला फाटकापर्यंत गेले.
चार वाजता जीप आली. सुई शेख सिस्टरनी दिली. आधी विचारलं, "तुमचं नाव सांगा. नवऱ्याचं गाव सांगा. माहेरचं नाव काय?" मी दारात उभी होते.

२९ एप्रिल, शुक्रवार
मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं.
"नाव विचारलं होतंस?"
"हो."
"कसं विचारलंस ते सांग. तसंच."
"मनीषा ना, असं."
त्यांनी केसपेपर मिटला. मग म्हणाले, "म्हणजे नाव तूच सांगितलंस. तिनं नुसती ओ दिली."
पेपरात मी लिहिलं होतं, रुग्णाला स्वतःचं नाव सांगायला लावावे. ते वाक्य मला अजून पाठ आहे.
ट्रे परत काढून घेतला. नोकरीचं ते ठरवू शकत नाहीत, दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टची बैठक ठरवेल. चेअरमन चारा छावण्यांच्या दौऱ्यावर. मंगळवारी भेटतील.
ऋतुजाचा रिपोर्ट चांगला. डोळे पांढरे. तिला घरी सोडलं. जाताना वळून बघितलं तिनं, हात वगैरे केला नाही.

३० एप्रिल, शनिवार
चादरी. टेंपरेचर.
आता सगळ्या सिस्टर दोन्ही नावं विचारतात. सासरचं काय, माहेरचं काय. माझ्याकडे न बघता विचारतात. मी जवळ असले तर जरा मोठ्यानं.
अण्णांना सांगितलं, आईला नाही. अण्णा म्हणाले, "मी जाऊ का चेअरमनकडं? सभासद हाय मी बावीस वर्षांपासून." मी नको म्हणाले. ते म्हणाले, "ऊस न्हाई घातला यंदा, म्हणून न्हाई का?" म्हणजे माझ्या चुकीत त्यांना त्यांचा ऊस दिसला. मी चिडले. इतकी चिडले की बोललेच नाही, आणि ते समजले की मला त्यांचं पटलं.

१ मे, रविवार
आईला कळलंच. शेजारच्या काकूंचा भाचा कारखान्यावर कामाला आहे.
ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या पोरीला काय झालं तर न्हाई ना?"
मी नाही म्हणाले.
"आन् दुसरीला?"
तिलाही नाही. वेळेत दिली.
मग बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज. मला वाटलं संपलं. तर ती म्हणाली, "आपल्या रंजूला तिथं दवाखान्यात काय म्हणून हाक मारत असतील गं? तिला तापात पल्लवी म्हणलेलं कळत असंल का?"
मला माहीत नाही. तिला भेटायला गेले तेव्हा ती बोलत नव्हती. सिस्टर तिला काय म्हणत होती ते मी ऐकलं असेल. आठवत नाही. इतर सगळं आठवतं, सलाईनच्या स्टँडचं गंजलेलं चाकसुद्धा.

३ मे, मंगळवार
बैठक झाली. मला आत बोलावलं नाही. बाहेर बाकावर बसले, पंखा नव्हता. आतून मोठ्या डॉक्टरांचा आवाज एकदा चढला. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.
सुटल्यावर शेख सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात परत सहा महिने शिकाऊ ठेवा, पेपर परत घ्या. एक संचालक म्हणतो, कशाला, दुसरी मुलगी आहे की. चेअरमन म्हणाले उद्या सांगतो. "दहाच्या आत फोन आला तर ये. न्हाई आला तर..." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला. मला त्यांचा रागही आला आणि तो हात काढू नये असंही वाटलं.
परत पेपर. परत ते गट. परत तीच योग्य, योग्य, योग्य. हे मला करायचंय का? करायचंय. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून इथं लिहिते.

४ मे, बुधवार
सकाळी सात. अण्णा टँकरच्या रांगेत. आई मळ्यातल्या आत्याकडे गेली, मुद्दाम गेली असं वाटतं. फोन चार्ज करून खिडकीत ठेवला, तिथंच रेंज येते.
लाईट आहे. दवाखान्याचा पांढरा ड्रेस काढला. धुवायला पाणी नव्हतं, काल रात्री ओल्या फडक्यानं कॉलर आणि बाह्या पुसून दोरीवर टाकला होता. वाळलाय. खाली चादर घातली, इस्त्री तापायला लावली. आधी बाह्या. मग कॉलर. मग मागची बाजू.