लोरेदानाची पिंपं

मी आर्रीगो वांदेल्ली, वय पंच्याऐंशी, राहणार स्पिलाम्बेर्तो, जिल्हा मोदेना, माझ्यामागे काय कुणाला जावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कुणी धाक घातलेला नाही की वाइन पाजलेली नाही. नोटरीबाई समोर बसून सारख्या घड्याळाकडे बघताहेत, त्यांना बघू दे.

१. राहतं घर, द्राक्षाचा मळा आणि पाहुण्यांचा धंदा मुलगा फाउस्तो याला. पाहुणे सकाळी चीजचा कारखाना बघतात, दुपारी आमच्या माळ्यावर द्राक्षाच्या रसाचा, पिंपांत मुरवलेला सिरका चाखतात आणि संध्याकाळी वाइनच्या तळघरात जातात. हे आहे तसंच चालू द्यावं. मात्र चमच्यात थेंबच घालावा. परवा त्याने एकाला अर्धा चमचा भरून दिला. पंचवीस वर्षांचा सिरका आहे तो, सूप नव्हे!

२. माझ्या वडिलांची पाच पिंपंही त्यालाच.

३. शेजारी ओरेस्ते जिबेल्लीनी १९८७ साली बारमध्ये चारचौघांत म्हणाला, की वांदेल्ली सिरक्यात जळकी साखर घालतो. त्याला माझ्यातर्फे एक किलो साखर द्यावी. घरी जाळून चाखून बघू दे.

४. आता लोरेदानाची पिंपं. आमच्याकडे मुलगी झाली की बाप तिच्या नावाने पिंपांची नवी ओळ मांडतो आणि लग्न झालं की ती मुलीबरोबर सासरी जाते. लोरेदाना १९६१ च्या जानेवारीत झाली. मी सहा पिंपं मांडली, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि मोठ्यावर तिचं नाव कोरलं. १९७० च्या फेब्रुवारीत ती मेंदूज्वराने गेली. नऊ वर्षांची होती. पिंपं माळ्यावरच राहिली. दर हिवाळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं, प्रत्येकात त्याच्याहून मोठ्यातलं भरायचं आणि सगळ्यात मोठ्यात आटवलेला नवा रस ओतायचा. हे मी एकदाही चुकवलं नाही.

१९९४ साली पाहुणे यायला लागले. पहिल्याच उन्हाळ्यात एका बाईने नाव वाचून विचारलं, "ही लोरेदाना कुठे असते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलोन्याला दिली." माझी बायको दिर्चे मागेच चीजचं ताट घेऊन उभी होती. म्हटलं, आता ताट डोक्यात बसतंय. तिने ते पाहुण्यांपुढे ठेवलं. पाहुणे गेल्यावर भांडी विसळता विसळता म्हणाली, "जावई काय करतो?"

"रेल्वेत आहे."

"पगार बरा आहे ना? की माझ्या पोरीला नुसती राबवून घेतात?"

चोवीस वर्षांत ती लोरेदानाबद्दल पहिल्यांदा बोलली होती. मग आम्ही दोघं थांबलोच नाही. दोन वर्षांनी नात झाली, तिचं नाव लीविया, तेही दिर्चेनेच ठेवलं. मी लोरेदानाच्या सासूचा विषय काढला की भडकायची, "त्या बाईचं नाव नको काढूस, पोरीला पहाटे पाचला उठवते!"

फाउस्तोला कळलं तेव्हा तो ओरडला, "पप्पा, माझी बहीण मेलीय! वेड लागलंय का तुम्हा दोघांना?" महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

दिर्चेला जाऊन तीन वर्षं झाली. आता जावयाची चौकशी करायला घरात कुणी नाही. आणि फाउस्तोने काय करावं? पाहुण्यांना वाटायच्या कागदावर छापून टाकलं, की लोरेदाना दर उन्हाळ्यात बोलोन्याहून येते आणि स्वतः सिरका चाखून बघते. मी विचारलं तर म्हणतो, "लोकांना आवडतं, पप्पा. सुरुवात तुम्हीच केलीत." केली खरी.

म्हणून, माझ्यानंतर या सहा पिंपांत कुणीही रस भरू नये. ती विकू नयेत, त्यातला थेंबही चाखायला देऊ नये. माळ्यावरच्या उन्हाने ती हळूहळू सुकतील. कुणी विचारलंच, तर फाउस्तोने सांगावं, लोरेदाना गावच्या दफनभूमीत आहे, डाव्या भिंतीला, आईशेजारी. तो सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

५. दिर्चेच्या पेटीतले सात स्वेटर, एकाहून एक मोठे, तिने विणलेले, नात लीविया हिला.

इथे नोटरीबाईंनी घड्याळाचा नाद सोडला. "वांदेल्लीकाका, जन्मतारीख?"

"तीन मार्च शहाण्णव."

"अशी व्यक्ती नोंदीत नाही, काका."

"नाही."

"मग हे कलम रद्द ठरेल."

"ठरू दे. लिहिलेलं खोडू नका."

६. मला दिर्चेच्या दुसऱ्या बाजूला पुरावं. बँड लावू नये.

७. माझ्या मृत्यूची खबर फाउस्तोला द्यावी. नोटरीबाईंनी विचारलं, "आणखी कुणाला कळवायचं?" मी म्हणालो, बोलोन्याला कुणी नाही. हे मी आज पहिल्यांदा तोंडाने बोललो.

सही: आर्रीगो वांदेल्ली

ज्यांना यातून काहीही मिळत नाही, असे साक्षीदार:
तुल्लियो बर्गोन्झिनी, निवृत्त पोस्टमन
अदेल्मा रोत्ता, शिवणकाम

स्पिलाम्बेर्तो, १४ नोव्हेंबर २०१९