दोन वर्षं दोन महिने

वाई, ३ जून २०२५
चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.

फोनवर आता ऐकू येत नाही, म्हणून पत्र. युद्धात मेलेल्यांच्या वारसांना भरपाई देणारी कुठलीशी समिती निघाली आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझी आठवण झाली, नशीब!

अर्जात बापूंच्या मृत्यूची तारीख हवी. इंग्रजांच्या पलटणीतून आलेल्या कागदावर १५ फेब्रुवारी १९४२ आहे. तो कागद त्या वर्षी सप्टेंबरात, गौरींच्या दिवशी आला. मी पाळण्यात होते. पेन्शन हवी तर आधी विधवा व्हायला हवं, म्हणून चुलत्यांनी आईच्या बांगड्या गौरींसमोरच फोडल्या.

तू सिंगापुरातच आहेस, तर क्रांजीच्या युद्धस्मारकावर तुझ्या आजोबांचं नाव आहे का, बघ. लेकीला, इराला सोबत ने, तुझ्या एकटीच्या नजरेवर माझा भरवसा नाही.

लांबून लोभ करणारी,
साधनाआत्या

सेंगकांग, २२ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाव इरालाच दिसलं. सापडलं लाह, म्हणून ती इथल्या पोरांसारखी केवढ्यांदा ओरडली! भिंतीवर ‘पद्माकर’ वाचून मला रडूच आलं.

पण आत्या, तिथल्या नोंदवहीत तारीख वेगळी आहे. २० नोव्हेंबर १९४४. आजोबा जपान्यांच्या छावणीत होते, तिथे तापाने गेले. पलटणीच्या कचेरीने सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं त्या दिवसाची तारीख घालून हात झटकले असावेत.

तुझे जावई म्हणतात, अर्जात कागदावरचीच तारीख लिहा, दोन तारखा दिसल्या की अर्ज बाद. मलाही तेच वाटतं. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन तरी होईल गं.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी मधू

वाई, ८ जुलै
चि. मधूस,
अ. आ.

अनिमेषरावांचं बरोबर आहे, अर्ज बाद होईलही. गुडघे ठणकताहेत ते ठणकोत.

गौरींपाठोपाठ पितृपक्षात आम्ही बापूंचं श्राद्ध घातलं. जिवंत माणसाला पिंड दिला! ते गेले असते तर मला कळलं असतं, असं आई म्हणायची. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मोठी झाल्यावर मीसुद्धा. मला माझीच लाज वाटते.

अर्ज आज पोस्टात टाकला. तारीख खरी लिहिली. ‘नुकसानीचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं: आईचं कुंकू, दोन वर्षं दोन महिने.

इराला माझा पापा दे.
तुझी आत्या