दिव्याचं ऑडिट

६ जानेवारी २०२५, सोमवार
एका सप्लायरनं नव्या वर्षाची डायरी दिली. कागद बरा, बाइंडिंग रिजेक्ट करण्यासारखं. पण फुकटच्या मालाला आपण नावं ठेवत नाही.

संकल्प: सकाळी चालायला जाणे. घरात आवाज न चढवणे. दिव्याचा विषय मार्चअखेर क्लोज करणे.

दिव्या, माझी मुलगी, नववीत आहे. दोन वर्षं झाली, डोळे मिचकावते, मानेला झटका देते आणि घशातून आवाज काढते. ‘हुक्’ असा. याला टिक म्हणतात, ती मुद्दाम करत नाही, हे आम्हाला सांगून झालं आहे. मला मान्य आहे. चाकणच्या कंपनीतले डिफेक्टही कोणी मुद्दाम करत नाही. तरी ते बंद करायचा पगार मी घेतो. क्वालिटीला आहे मी.

७ जानेवारी
थंडी फार. चालणं उद्यापासून.

११ जानेवारी, शनिवार
शाळेतून बोलावणं. चाचणीच्या वेळी दिव्याला वर्गाबाहेर बसवलं होतं, बाकीच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून. दिव्या हे घरी बोलली नव्हती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वार्षिकला तिला वेगळी खोली देऊ, पण डॉक्टरांनी त्रास किती आहे ते मोजून लिहून द्यायला हवं. तसा रिपोर्ट आणा.

परत येताना दिव्या गाडीवर मागून म्हणाली, बाबा, मला आवाज दाबता येतो, पण दाबताना लिहिता येत नाही, दोन्हींतलं एकच होतं. मी म्हटलं, प्रॅक्टिस कर, होईल.

वर्षालीचं, म्हणजे आमच्या मिसेसचं म्हणणं, पोरगी काय सांगतेय ते नीट ऐका. मी नीटच ऐकलं होतं, उत्तरही दिलं होतं.

१५ जानेवारी
पिंपरीतल्या साधना मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली, २७ची. मुलांच्याच डॉक्टर आहेत. फोनवर विचारून घेतलं. टिक किती प्रकारच्या, किती वेळा, किती जोरात, कामात किती अडथळा, असं सगळं विचारून त्या मार्क देतात. पन्नासपैकी. जास्त मार्क म्हणजे त्रास जास्त.

म्हणजे हे ऑडिट झालं. ऑडिट म्हटल्यावर मला कोणी शिकवायचं कारण नाही. आमच्या प्लान्टमध्ये गेल्या चार ऑडिटना एकही मेजर दोष निघालेला नाही. ज्या दिवशी ऑडिटर येतो, त्या दिवशी रिजेक्टचा माल टेम्पोत भरून मागच्या गेटबाहेर उभा असतो. हे डायरीत लिहायला हरकत नाही, वाचणारा मीच आहे.

१९ जानेवारी, रविवार
रिहर्सल घेतली. मी डॉक्टर, दिव्या दिव्या. नियम समजावले. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. आपणहून काही सांगायचं नाही. सरळ बसायचं, हात मांडीवर. आवाज यायला लागला की श्वास घेऊन धरायचा.

पहिल्यांदा लगेच आवाज निघाला. मी आवाज चढवला नाही, फक्त टेबलावर हात आपटला. मग जमलं. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, श्वास धरल्यानं येतं तसं.

वर्षाली म्हणाली, अहो, त्रास आहे हे दाखवायला चाललोय ना आपण? हिला सिस्टिम कळत नाही. एकदा कागदावर ‘गंभीर’ लागलं की ते आयुष्यभर मागे येतं. कॉलेज, नोकरी, स्थळं. खोलीचं मी बघतो. शाळेच्या कमिटीवर हिंदुराव आहेत, इथल्या जुन्या घरातले, शाळेची जागा त्यांचीच. दिघीत फ्लॅट घेतल्यापासून ओळख आहे. एक फोन केला की काम.

२७ जानेवारी, सोमवार
हाफ डे टाकला. दिव्यानं कमाल केली. मॅडमसमोर पाऊण तास बसली, एक आवाज नाही. मान एकदा हलली, ती पंख्याकडे बघितल्यासारखी वाटली.

मॅडम चांगल्या आहेत, पण ऑडिटर म्हणून कच्च्या. स्वतःच म्हणाल्या, पुष्कळ मुलं इथे दाबून बसतात, म्हणून मी घरचं विचारते, गेल्या आठवड्यात कसं होतं? मी म्हटलं, किरकोळ. मोबाईलवर घरचा व्हिडिओ आहे का? वर्षालीनं काढलेले तीन होते. सकाळीच डिलीट केले होते. नाही म्हटलं. हे खरंच होतं.

वर्षाली तोंड उघडणार होती, मी तिच्याकडे बघितलं.

मार्क नऊ. पन्नासपैकी नऊ. रिपोर्टवर ‘सौम्य’. पिंपरी कॅम्पातून पेढे घेतले.

बसमध्ये बसल्याबरोबर दिव्याला सुरू झालं. पिंपरीपासून दिघीपर्यंत थांबलंच नाही. हुक्, हुक्, मान तर अशी की खिडकीवर आपटली. लोक वळून बघत होते. एक बाई म्हणाल्या, लेकराला पाणी द्या हो. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो, पेढ्यांचा बॉक्स दाबला जाऊ नये म्हणून.

२८ जानेवारी
पेढ्यांना घरात कोणी हात लावला नाही. डिपार्टमेंटला नेले. रणजीतनं विचारलं, कशाचे? म्हटलं, पोरगी पास झाली. तो म्हणाला, आत्ता कुठली परीक्षा?

१० फेब्रुवारी
सुधारणा दिसते आहे. घरात आवाज कमी. माझी पद्धत लागू पडते आहे असं म्हणायला जागा आहे. चालणं सोमवारपासून.

३ मार्च, सोमवार
शाळेनं खोली नाकारली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्याच डॉक्टरांनी सौम्य लिहिलंय, मग मी काय करू? हिंदुरावांना फोन केला. ते म्हणाले, “राव, कागदावं तर काय न्हाई म्हनलंय. मंग येगळी खोली कशापायी? उद्या धा जन मागाय येत्याल. पोरगी बरी हाय म्हंताय, बसू द्या की सगळ्यांत.”

माणूस आतून असा असेल असं वाटलं नव्हतं.

वर्षालीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, भाजी निवडत राहिली. हे मला आवडत नाही. बोललं म्हणजे निदान उत्तर देता येतं.

२१ मार्च
घरात पिन ड्रॉप सायलेन्स. मी संध्याकाळी आलो की दिव्या पुस्तक घेऊन बसलेली असते, हूं की चूं नाही. मधूनमधून बाथरूमला जाते, नळ मोठा सोडते. पाणी वाया घालवण्यावरून बोललो. नऊचे आता चार झाले असतील. खोली मिळाली नाही तरी अडणार नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
पहिला पेपर, मराठी. वर्षाली आणायला गेली होती. दिव्यानं पूर्ण तीन तास आवाज काढला नाही. एकदाही नाही. सुपरवायझर बाईंना कळलंसुद्धा नाही की हीच ती मुलगी. मी म्हटलं, बघ.

वर्षालीनं तिचा रुमाल माझ्यासमोर ठेवला. चावून भोकं पडली होती. पेपर किती लिहिलास, विचारलं. दिव्या म्हणाली, दीड पान.

२ मे, शुक्रवार
निकाल. चार विषयांत गेली. मराठीतसुद्धा. ही पोरगी सातवीपर्यंत पहिल्या पाचात होती.

संध्याकाळभर विचार केला. प्रोसेसमध्ये कुठे चुकलं ते शोधलं. शाळा. हिंदुराव. मॅडमनी जरा खोदून विचारायला हवं होतं. आणि थोडा मी. पण चूक सापडली की दुरुस्ती करता येते. शाळा फेरपरीक्षा घेणार आहे जूनमध्ये. परत मॅडमकडे जायचं, आणि या वेळी मी स्वतः सगळं खरं सांगणार. व्हिडिओसुद्धा नेणार.

५ मे
व्हिडिओ काढायला बसलो. तीन संध्याकाळी मोबाईल धरून बसलोय, पोरगी हात मांडीवर घेऊन समोर. एक टिक नाही. मी म्हटलं, अगं, आता चालेल, कर. ती म्हणाली, काय करू?

आवाज चढवला.

१२ मे, सोमवार
पिंपरी. मी सगळं सांगितलं. मानेचं, आवाजाचं, बसमधलं, रुमालाचं. मॅडमनी दिव्याला विचारलं, घरी होतं का? दिव्या म्हणाली, नाही. शाळेत? नाही. काही सांगायचंय? नाही. विचारलं तेवढंच उत्तर, एक शब्द जास्त नाही. सरळ बसली होती.

मी म्हटलं, मॅडम, ही खोटं बोलतेय. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?

बाहेर बसलो. वर्षाली आतच राहिली. शेजारी एक म्हातारबाबा नातवाला घेऊन आले होते. थोड्या वेळानं आतून आवाज आला. हुक्. मग परत. मग सुरूच. दोन महिन्यांत मी हा आवाज ऐकला नव्हता. मध्येच दिव्या हसली, वर्षाली काहीतरी म्हणाली, परत हुक्. मला इतकं बरं वाटलं, की आता मॅडमना दिसलं, आता मार्क मिळतील. सांगायला म्हणून उठलो. दाराच्या मुठीला हात लावला, मूठ वाजली.

आत सगळं गप्प झालं.

मी हात काढला. उभाच राहिलो. म्हातारबाबा म्हणाले, आत बोलावलंय का तुम्हाला?

मार्क अडतीस. मॅडमनी शाळेला पत्र दिलं, वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ, दोन्ही. जे हवं होतं ते मिळालं. मला म्हणाल्या, दिव्याला जिथे मोकळं वाटतं तिथे तिला राहू द्या. कुठे वाटतं, हे मी विचारलं नाही.

१५ मे
पेढे आणले नाहीत.

१९ मे, सोमवार
सेकंड शिफ्ट मागून घेतली, कायमची. दुपारी निघायचं, परत येईपर्यंत ती झोपलेली. एचआरनं कारण विचारलं. सेकंडला रिजेक्शन जास्त आहे, अनुभवी माणूस हवा, असं सांगितलं. रणजीत म्हणाला, राव, सेकंडचं रिजेक्शन तर सगळ्यांत कमी आहे.

वर्षालीनं डबा भरून दिला. दिव्या पुस्तक घेऊन बसली होती, येतो म्हटलं तर मान हलवली, हो म्हणण्यापुरती.

दार ओढून घेतलं आणि जिन्यात बुटाची लेस बांधत बसलो. पहिल्या बुटाची होईपर्यंत आत शांत होतं. दुसऱ्याची बांधत होतो तेव्हा सुरू झालं. लेस बांधून झाली होती तरी थोडा बसलो. मग आवाज न करता खाली उतरलो. कंपनीची बस उभीच होती.